न्हाणीच्या दाराचा निळा

आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीपण माह्या बाबांसारखं म्हणसान का पोट्टी एवढी मोठी झाली अन् खेळण्यातल्या गाड्या घेऊन बसते. मी खेळत नाही. मी गाडी बनवते. खरी पॅसेंजर जशी होती तशी, फक्त सत्त्याऐंशी पट लहान. एक डबा वीतभर. खिडकीचे गज म्हणजे जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार, एकेक तुकडा चिमट्यानं धरून चिकटवायचा. तेवढ्यात आई आतून ओरडते, "अवं, दूध उतू चाललं!" अन् गज वाकडा. मग तो काढा, खरडा, पुन्हा चिकटवा. अमरावतीत राजापेठमधे आमच्या घराच्या खालीच ट्युशन क्लास आहे. क्लास सुटला का सगळ्या पोट्ट्यांच्या गाड्या एकदम चालू होतात अन् माह्या टेबलावर भूकंप येते. अशा भूकंपात मी गज लावते. अन् वरतून लोक विचारतात, "यात काय एवढं?"

आता तुम्ही म्हणसान, बाजारात रेडीमेड मिळत नाही काय. मिळतात ना! मोठ्या लाइनीच्या एक्सप्रेस मिळतात, इंजिनं मिळतात, सिग्नल मिळतात. माह्यी गाडी तेवढी कोणीच बनवत नाही. माह्यी गाडी म्हणजे अकोल्यावरून अकोट, हिवरखेड करत सातपुड्यातून खंडव्याले जाणारी छोट्या लाइनीची पॅसेंजर. आता बंद. मोठी लाइन अकोटपर्यंत आली, त्याच्या पुढं नुसतं येणार येणार चालू आहे. हिवरखेड माह्या मामाजीचं गाव. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात मी त्या गाडीत खिडकीच्या गजाले नाक लावून बसली. घरी पोचली का मामी म्हणे, "आली का माय नाकावर छापा घेऊन!"

तर यंदा अकोल्यात छंदवाल्या लोकांचं एक प्रदर्शन होतं. जुनी नाणी, पोस्टाचे स्टॅम्प, काडेपेट्यांवरचे चित्रं, असे सगळे लोक. त्यात माह्या तीन डब्यांले एक टेबल मिळालं. मी इतकी नाचली का खालून क्लासवाल्या सरांनी विचारलं, काय पडलं म्हणून. मग नाचून झाल्यावर डोक्यात आलं. पुण्यात मांडली असती तर कोणाले काय कळते? कोणताही निळा चालला असता. पण अकोल्यात! तिथं येणारा अर्धा पब्लिक याच गाडीत अपडाऊन करून म्हातारा झालेला. दुधाच्या कॅना घेऊन, केळी घेऊन, डबा घेऊन. त्यांच्यासमोर चुकीच्या रंगाची गाडी ठेवायची? त्याच्यापेक्षा न ठेवलेली बरी. अन् माह्याकडं सगळं तयार होतं, चाकं, छप्पर, आतले बाकडे, पंखेसुद्धा. फक्त रंग नव्हता. तिन्ही डबे पांढरेफटक, सलाइन लावून बसल्यासारखे.

कारण तो निळा मले सापडतच नव्हता. निळा काय, दुकानात जा अन् घेऊन या, असं बाबा म्हणे. बाबा, दुकानात निळा मिळते, *तो* निळा नाही मिळत! फोटो पाहिले. मावसबहिणीचा डब्यासमोरचा सेल्फी, त्याले तिनं फिल्टर मारलेला, डबा एकदम मोरासारखा अन् ती स्वतः दुधासारखी. मामाजीच्या दोस्ताच्या रिटायरमेंटचा फोटो, सगळे हार घालून गाडीसमोर उभे, त्यात डबा जांभळा, अन् दोस्तपण जांभळा. इंटरनेटवर एकानं टाकलेला फोटो संध्याकाळचा, त्यात डबा काळाच. ज्याले विचारा तो म्हणते, "निळा होता ना बे, साधा निळा." साधा निळा! मले हा शब्द ऐकला का डोकं फुटते. उन्हानं उडालेला, धूळ बसलेला, पुसून पुसून पातळ झालेला तो निळा जगात कुठंच साधा नव्हता.

अन् मग मले न्हाणीचं दार आठवलं.

हे दार म्हणजे काय, सांगते. माह्ये मामाजी अकोल्यात कापडाच्या दुकानात कामाले होते. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं, जन्मभर. लाइन बंद झाली, जुने डबे भंगारात निघाले, तेव्हा एका भंगारवाल्याच्या वखारीत मामाजीले डब्याचं एक दार दिसलं. अख्खं दार, वरती गजवाली खिडकी असलेलं. मामाजीनं ते घेतलं, छोट्या टेम्पोत टाकलं, हिवरखेडले आणलं अन् न्हाणीले बसवून टाकलं. बाहेरून निळं, आतून दुधी. आतल्या बाजूनं अजून अक्षरं होती, चालत्या गाडीतून उतरू नये. पाहुणा आंघोळीले गेला का मामाजी बाहेरून ओरडत, "अकोट आलं, उतरा वो!" पाहुण्याच्या अंगाले साबण. मामीले या गोष्टीचा लय राग. पण मामाजी दर वेळी तेच, अन् दर वेळी स्वतःच हसत.

त्या दारावर खरा निळा होता. गाडीचा स्वतःचा. मी इतके वर्ष त्याच्या समोर दात घासले अन् मले सुचलं नाही! मी लगेच फोन लावला.

"मामाजी, मी शनिवारी येऊन राहिली. दार पाहायले."

"कोणतं दार वं?"

"न्हाणीचं."

मामाजी एवढे हसले का मामीले मागून विचारावं लागलं, काय झालं म्हणून. "भाची येऊन राहिली," त्यांनी तिले सांगितलं, "आपल्या न्हाणीचं दार पाहायले. दहा ठिकाणची दारं सोडून." मग मले म्हणे, "ये माय, ये. दार कुठं पळून जाऊन राहिलं काय!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. दार कुठं पळून जाऊन राहिलं काय.

शनिवारी अमरावतीवरून अकोटची एसटी धरली. मांडीवर डबा, डब्यात पांढरे निळे पिवळे काळे रंग, ब्रश, थिनर, पांढऱ्या कार्डाचे तुकडे. बाजूच्या बाईनं विचारलं, "ब्युटी पार्लरचा कोर्स करून राहिली काय?" मी हो म्हटलं, समजावायची ताकद नव्हती. अकोटवरून ऑटो. हिवरखेडच्या बाजारात उतरली अन् पळतच गेली. अंगणात पाय ठेवला तर आधी वास आला. ऑइलपेंटचा.

दार चमकून राहिलं होतं. असं चमकून राहिलं होतं का त्यात मले माह्यं तोंड दिसलं. एकदम गडद, भरलेला, लग्नातल्या शालूसारखा निळा. गज सिल्व्हर. आतल्या बाजूनं गुलाबी. गुलाबी! अक्षरं गेली. मामाजी बाजूले हात मागं बांधून उभे, शाळेत बक्षीस घ्यायले उभं राहते तसे.

"कसं हाय?"

मी दारावर बोट फिरवलं, कुठं जुना पोपडा लागते काय म्हणून. मामाजीले वाटलं मी खूश झाली.

"तीन दिवस लागले," ते सांगून राहिले. "आधी खुरप्यानं पोपडे काढले. मग पॉलिश पेपर मारला, पत्रा दिसेपर्यंत. मग दोन हात देल्ले. एक हात नाही, दोन."

"काहून?" मी म्हटलं. "मामाजी, काहून पण?"

"काहून म्हणजे? तू पाहायले येऊन राहिली ना! पोरीले पाहायले पाहुणे येतात तं तिले तशीच चुलीपुढून उठवून आणते काय कोणी? पावडर तं लावतेच."

मी तिथंच ओट्यावर बसली. मग एकदम आठवलं, कडी! बाहेरून एक कडी होती, बकऱ्या न्हाणीत घुसू नये म्हणून मामाजीनं दार बसवतानाच ठोकलेली. कडीच्या पट्टीखाली जुना रंग राहिला असणार, कोणताही पेंटर कडीच्या भोवतालून ब्रश फिरवते, कडी काढते कोण! मी मामाजीले स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्यांनी कौतुकानं दिला. कडी काढली. खाली निळा. नवा, गडद, दोन हात दिलेला निळा.

"कडी काढूनच मारला ना," मामाजी म्हणे. "अर्धवट काम आपल्याकडं नाही."

मी रडली नाही, पण ओरडली. म्हणजे मामाजीवर कोणी ओरडत नाही, पण मी ओरडली. "मले जुना रंग पाहिजे होता! तो उडालेला! त्याच्यासाठीच तं आली मी! एकच तुकडा राहिला होता त्या गाडीचा अन् तुम्ही तो खुरप्यानं काढला!"

मामाजीचं तोंड पडलं. पण पडलं तरी हारले नाही. "हे पाह्य," ते म्हणे, "मी जन्मभर कापड विकलं. मले निळा तू शिकवते? अस्मानी, आनंदी, मोरपंखी, चिंतामणी, डोळे बांधून सांगतो. आपली गाडी चिंतामणी होती. चिंतामणीच मारला मी. अकोटच्या दुकानदाराले मशीनवर दोनदा परत बनवायले लावला."

"नव्हती मामाजी ती चिंतामणी! मळकी होती! पांढुरकी झाली होती!"

"मळकी झाली होती ते वेगळं. रंग कोणता होता ते सांग. गिऱ्हाईक धुऊन धुऊन विटलेलं लुगडं घेऊन आलं अन् म्हणे असंच द्या, तं मी विटलेलं देऊ काय? त्याचा ताग्यातला रंग वळखायचा अन् तो काढून द्यायचा. उन्हानं जे केलं तो काही रंग नसते पोरी. तो उन्हाचा बिघाड असते."

माह्या पूर्ण हॉबीचा जो पाया आहे, का वस्तू जशी होती तशीच दाखवायची, बिघाडासकट, त्याच्या मुळावरच मामाजी तागा उलगडून बसले. अन् वाईट काय, तर त्यांनी हे माह्या प्रेमापोटी केलेलं. प्रेमापोटी केलेल्या गोष्टीवर नीट चिडतापण येत नाही.

मामीनं जेवायले वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. मामीच बोलून राहिली. "पोपडे अंगणभर उडाले होते बाई. कोंबड्या चोची मारून राहिल्या होत्या त्याले. रंग खाऊन मरतीन म्हणून मी सगळं झाडून फेकलं."

माह्या हातातला घास तसाच. "कुठं फेकलं?"

"कुठं फेकतात? उकिरड्यावर."

मी उठली. हात धुतला का नाही ते आठवत नाही. परसात उकिरडा, त्याच्यावर शेण, राख, भाजीचे देठ, अन् मी त्यात काडी घेऊन. शेजारची काकू कुंपणावरून पाहून राहिली.

"काय हरपलं वं पोरी? सोन्याचं हाय काय?"

"रंग," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही काकू. कानातली बाळी."

मग काकूपण आली मदतीले, बिचारी, बाळी धुंडायले. मामी दारात कपाळाले हात लावून. अन् मामाजी थोड्या वेळानं आले, खुरपं घेऊन. तेच खुरपं. मले वाटलं हिसकून फेकावं. पण ते खाली बसले, अन् एका बाजूनं असं हळूहळू उकरायले लागले जसं काही भुईमूग काढून राहिले.

सापडला त्यांनाच. नखाएवढा पोपडा. त्यांनी तळहातावर घेतला, लोट्यातल्या पाण्यानं धुतला, अन् माह्याकडं केला. एका बाजूनं लाल, म्हणजे गाडी निळी व्हायच्या आधीचा रंग. मी उलटवला. अन् तो होता! तोच! पांढुरका, थोडा हिरव्याकडं झुकलेला, जरासा राखाडी, जसं आकाश एखाद्या धुळीच्या दिवशी. मी ओट्यावर तिथंच ताटलीत रंग घोटायले बसली. निळा, पांढरा, टोकावर येईल एवढा पिवळा, त्याच्याहून कमी काळा. कार्डावर लावायचा, वाळू द्यायचा, पोपडा बाजूले ठेवून पाहायचा. नाही. पुन्हा. नाही. ऊन उतरायच्या आधी जमलं. पोपडा कार्डावर ठेवला तं कुठं पोपडा संपते अन् कुठं कार्ड चालू होते ते दिसत नव्हतं. मी किंचाळली. काकूनं विचारलं, "सापडली काय बाळी?"

मामाजी वाकून वाकून पाहत होते. म्हणे, "हा नाही."

"मामाजी, हा *पोपडा* आहे. गाडीचा. तुमच्या दाराचा."

"असंन. पण हा नाही."

प्रदर्शनाच्या सकाळी टेबल लावलं. तीन डबे, त्या निळ्यातले, खिडकीच्या पट्ट्याले फिका निळा, खाली थोडी धूळ, गजाखाली पाण्याचे ओघळ, कारण केळीवाले खिडकीतून ओलं पोतं लटकवत. मी खुर्ची घेऊन बसली अन् वाट पाहायले लागली. आता येतीन. आता कोणी तरी थांबीन अन् म्हणीन, अरे, हाच तो निळा!

लोक आले. लय आले. एक बाबा आले, त्यांनी चष्मा काढून डब्याले जवळपास डोळा लावला अन् बायकोले हाक मारली, "अवं, इकडं ये! आपली गाडी!" मग ते दोघं बाकडं कोणत्या बाजूनं होतं याच्यावर भांडले. पोट्टे आले, "ताई, चालते काय?" नाही, चालत नाही. "मग काय फायदा?" एकानं विचारलं, केवढ्याले देता. एका काकांनी अर्धा तास मले स्वतःच्या रद्द झालेल्या बदलीची गोष्ट सांगितली. अन् निळ्याबद्दल? एक माणूस नाही. एक शब्द नाही. मले वाटलं, मी ओरडून सांगू, का हो, रंग पाहा ना, उकिरड्यातून काढला आहे! म्हणजे बरोबर निळा असा असते का तो कोणाले दिसतच नाही. चुकला असता तं दहा जण थांबून सांगून गेले असते. मी इतकी चिडली का मागवलेला चहा तसाच थंड झाला.

दुपारी मामाजी आले. अकोटपर्यंत ऑटोनं, पुढं मोठ्या लाइनीच्या गाडीनं. पांढरा शर्ट, हातात कापडी थैली. टेबलासमोर उभे राहिले. एकेक डबा पाहिला, खिडक्या मोजल्यासारख्या पाहिल्या. मग म्हणे, "सगळं बरोबर हाय. पायरीसुद्धा. पण हे असं मळकट काहून ठेवलं?"

अख्ख्या दिवसात रंगाबद्दल बोललेला तो पहिला माणूस.

"मामाजी..."

"नाही, म्हणजे लोक येऊन राहिले पाहायले," ते थैलीत हात घालत म्हणे, अन् मले कळलं थैलीत काय आहे, कळलं अन् मी टेबलावर आडवीच झाली, दोन्ही हात डब्यांवर. थैलीतून डबडं निघालं. चिंतामणी. अन् एक नवा कोरा बारीक ब्रश. "थोडा उरला होता. एक हात मारून देतो. पाच मिनिटांचं काम."

"नाही!"

बाजूच्या नाणेवाल्यानं वळून पाहिलं. मामाजीनं डबडं खाली ठेवलं. ते रागावले नाही, तेच वाईट. नुसते म्हणे, "बरं. तुह्यी गाडी," अन् खुर्चीवर बसले, डबडं मांडीवर घेऊन, एसटीत मी बसली होती तसे.

मी मधल्या डब्याचं छप्पर उचललं. छप्पर निघते माह्या डब्यांचं. आतमधे एका टोकाले संडास, त्याले नखाएवढं दार, बाहेरून कोणत्याच खिडकीतून दिसत नाही. आतून ते दुधी असायले पाहिजे, मी दुधीच केलेलं.

"हे करा," मी म्हटलं. "फक्त हे. एकच."

मामाजीनं चष्मा पुसला. डबडं उघडलं, ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करायले गेले, मी थांबवलं. ब्रश डबड्यात बुडवला, निथळवला, अन् श्वास धरून त्या एवढ्याशा दारावर फिरवला. कुठंच बाहेर गेला नाही. चौकटीले लागला नाही. वाळायची वाट पाहत बसले, अन् मग पुन्हा ब्रश बुडवला.

"काय करून राहिले? झालं ना."

"एक हात नाही," मामाजी म्हणे. "दोन."

मी छप्पर बसवलं. गाडी आता अमरावतीले माह्या टेबलावर आहे. बाहेरून एकदम बरोबर आहे, मी पैज लावून सांगते. अन् आतमधे एक दार चुकीचं आहे, ते कोणाले दिसत नाही, अन् क्लास सुटला का टेबल थरथरते, तेव्हा मले तेच आठवते, अन् मी पुन्हा चिडते.